कॅमेऱ्यापायी आजोळ

"मला फसवणारा दुकानदार अजून जन्माला यायचाय!" असं दुइशोनने मंगळवारी संध्याकाळी जाहीर केलं, तेही स्वतःच्या अंगणात, शेजारीपाजारी ऐकतील अशा बेताने. त्याचा आवाज मुळातच चढा. रागावला की आणखी चढतो, आणि रागवायला त्याला फारसं काही लागत नाही. चहात साखर कमी पडली तरी या माणसाला वाटतं, कुणीतरी आपल्याविरुद्ध कट केलाय!

या वेळी मात्र कारण होतं. आमच्या कराकोलमध्ये लग्नाचे फोटो काढणारे दोघेच, दुइशोन आणि कुबात. कुबातकडे दोन कॅमेरे, वर एक उडणारा. दुइशोनकडे एकच, पण लोकांचा त्याच्या हातावर विश्वास. तर गेल्या रविवारी एका लग्नात वरमाई नाचता नाचता मागे सरकली, तिचा भक्कम धक्का तिपाईला लागला आणि दुइशोनचा कॅमेरा थेट रश्श्याच्या कढईत! वरमाई ओरडली, "अगंबाई, रस्सा सांडला का?" कॅमेऱ्याची चौकशी कुणी केली नाही. कुबात तेवढा जवळ आला, हळहळला आणि कढईचा फोटो काढून गेला. तो फोटो त्याने त्याच संध्याकाळी सगळ्या गावाला पाठवला!

आणि आता शनिवारी तुर्दुबेक गिरणीवाल्याच्या मुलीचं लग्न. तुर्दुबेक ज्याला बोलावतो त्याला पुढे वर्षभर सगळे बोलावतात, ही आमच्या गावची रीत. त्याने साफ निरोप धाडला होता, "शनिवारी सकाळी हातात कॅमेरा दिसला तर तू. नाहीतर कुबात."

आमच्याकडे कॅमेऱ्याचं दुकान एकच आहे आणि त्यात फोनची कव्हरं मिळतात. तेव्हा सीमा ओलांडून कझाखांच्या मुलखात अल्माटी गाठण्यावाचून इलाज नव्हता. दुइशोनची बायको बेगिमाई म्हणाली, "अहो, तिकडे कुणाला तरी बरोबर न्या. नाहीतर कुबातच्या ओळखीचा एक जण..."

"त्याचं नाव या घरात काढायचं नाही! जुना कॅमेरा कसा घ्यायचा हे मला शिकवतेस? काच उजेडात धरायची, आत बुरशी दिसली की ठेवून द्यायचा. पांढऱ्या भिंतीचा फोटो काढायचा, डाग पडला की ठेवून द्यायचा. खटका किती वेळा दाबलाय ते बघायचं आणि दुकानदाराच्या तोंडावर आकडा फेकायचा! बुधवारी जातो, गुरुवारी परत!"

"ओरडू नकोस, शेळ्या बिचकतात," आतून त्याची आई कानिमबुबू म्हणाली. पंच्याहत्तरीची बाई, पण तिच्यापुढे दुइशोनचा आवाज आपोआप खाली येतो. जगात त्याला खाली आणणारी तेवढीच एक जागा.

बुधवारी करकराच्या सीमानाक्यावरून तो अल्माटीत उतरला आणि आधी नव्या कॅमेऱ्यांच्या दुकानात शिरला. काचेची इमारत, आत थंडगार, उभी असलेली पोरगी तर त्याहून थंड. तिने किंमत सांगितली. दुइशोनने ती मनातल्या मनात आपल्या पैशात केली, मग मेंढ्यांत केली, मग घोड्यांत.

"अगं, एवढ्यात माझ्याकडे तीन घोडे येतील! वर एक शिंगरू!"

"घोड्यांनी फोटो निघतात का, आगा?" पोरीने शांतपणे विचारलं.

दुइशोन लालबुंद होऊन बाहेर आला. नवा नकोच! नवा घेणारे मूर्ख असतात! मग जाहिरात बघून तो एका तरुणाला कारंज्यापाशी भेटला. तरुण म्हणाला, "अगदी एकदाच वापरलाय." दुइशोनने खटक्यांचा आकडा काढला. दोन लाखांच्या वर!

"एकदाच? म्हणजे एकदा दाबलेलं बोट उचललंच नाहीस का रे?"

तरुणाने खांदे उडवले. दुसऱ्या एकाच्या भिंगात एवढी बुरशी की दुइशोन त्याला म्हणाला, "याला पाणी घालतोस की नुसतं खत?" तोही पळाला. दुपारपर्यंत दुइशोनचं चार जणांशी भांडण झालं होतं. पायाला फोड आले होते, पोटात सकाळचा एक तळलेला बौरसाक होता आणि अल्माटी शहर हा चोरांचा अड्डा आहे असं त्याचं पक्कं मत झालं होतं.

अशा अवस्थेत तो जुन्या बाजारात घड्याळवाल्यांच्या गल्लीत शिरला. टोकाला एक टपरीवजा दुकान होतं, आणि आत नाकावर चष्मा लावून एक पांढऱ्या दाढीचा माणूस कॅमेऱ्याच्या पोटात चिमटा घालून बसला होता. गल्लीतले सगळे त्याला ओराजबेक आगा म्हणत होते. दुइशोनची नजर वर गेली. सगळ्यांत वरच्या फळीवर त्याचा कॅमेरा होता! म्हणजे कढईत मेलेला नव्हे, पण अगदी तोच, त्याच घडणीचा. हाताला सवय असलेला!

"आगा, तो वरचा कितीला?"

ओराजबेकने वर न बघता सांगितलं, "तो नको. थांबा, खालच्या खणातले दाखवतो."

दुइशोनच्या डोक्यात ठिणगी पडली. तो नको म्हणजे काय? विकायचा नाही तर फळीवर कशाला? ही दुकानदारांची जुनी चाल! आधी नको म्हणायचं, गिऱ्हाइकाला नादी लावायचं, मग दुप्पट भाव सांगायचा! आणि खालच्या खणात कसला कचरा असतो ते काय त्याला माहीत नव्हतं?

"मला तोच बघायचाय!"

"म्हटलं ना, तो नको," ओराजबेक म्हणाला, आणि तेवढ्यात त्याचा फोन वाजला. फोनवर तो कुणाला तरी झापायला लागला. "नाइमान कुळात जन्मलास आणि पाहुण्याला नुसत्या चहावर पाठवलंस? लाज नाही वाटली?"

दुइशोनच्या डोक्यात काय चमकलं ते सांगायला हवं. आमच्याकडे काय आणि तिकडे कझाखांकडे काय, भाच्याने आजोळी येऊन एखादी वस्तू मागितली की मामाने नाही म्हणायचं नसतं. घोडं मागो, कोट मागो, द्यायचंच! भाच्याला नाराज केलं तर मामाचे हात थरथरू लागतात, असं जुनी माणसं सांगतात. आणि हात थरथरू लागले तर या म्हाताऱ्याच्या चिमट्याचं काय होईल? शिवाय आजोळ म्हणजे एकट्या सख्ख्या मामाचं घर नव्हे. आई ज्या कुळातली, ते सगळं कूळच आजोळ!

दुइशोनची आई बुगू कुळातली, अस्सल कराकोलची. पण ते अल्माटीत कुणाला ठाऊक?

ओराजबेकने फोन ठेवला तसा दुइशोन गळा दाटल्यासारखा आवाज काढून म्हणाला, "आगा, तुम्ही नाइमान? माझी आईसुद्धा नाइमान हो!"

त्याची कल्पना अशी की म्हातारा थोडा विरघळेल, कॅमेरा खाली काढेल, निम्म्या भावात देईल. म्हाताऱ्याने चष्मा काढला. उठला. टेबलाला वळसा घालून आला आणि दुइशोनला असं कवटाळलं की त्याच्या बरगड्या कडकडल्या!

"भाच्या! अरे आधी सांगायचं नाहीस का? आणि मी तुझ्याकडून आगा आगा म्हणवून घेत बसलो!"

"मामा, तो वरचा..."

"गप्प! बाजारात उभं राहून मागतोस, भिकारी आहेस का? भाचा पहिल्यांदा आजोळी आलाय आणि मी त्याला दुकानातून वाटेला लावू? घरी चल! जेव, वडीलधाऱ्यांना भेट, मग त्यांच्यासमोर काय हवं ते माग!" आणि त्याने फळीवरच्या, खणातल्या सगळ्या कॅमेऱ्यांवर धाडकन लोखंडी दार ओढलं.

त्या दिवशी ओराजबेकच्या घरी जी मेंढी कापली गेली ती दुइशोनच्या डोळ्यांदेखत कापली गेली. आधी ती त्याच्यापुढे उभी केली, त्याच्याकडून आशीर्वाद घेतला. खोट्या भाच्याकडून खऱ्या मेंढीला! मग एक एक नाइमान येऊ लागला. चुलत मामा, मावस मामा, मामांचे व्याही. प्रत्येकाने मिठी मारली, प्रत्येकाने विचारलं, "आई बरी आहे ना?" आणि मधोमध गादीवर ओराजबेकची आत्या बसली होती, बाल्झान आपा, नव्वदीच्या पुढची. कान अधू, डोळे अधू, पण कुळातला कोण कुणाचा हे तिला विचारल्याशिवाय त्या घरात लग्न ठरत नव्हतं.

"जवळ ये," ती म्हणाली. "तुझ्या आईच्या बापाचं नाव काय?"

खरं नाव सांगणं शक्यच नव्हतं. तोंडाला आलं ते त्याने ठोकून दिलं. "बाइमुरात."

"कुठला बाइमुरात? घोडेवाला की लंगडा?"

"घोडेवाला!"

"मेला कसा?"

"घोड्यावरून पडला."

"घोडेवाला तर झोपेत गेला!"

"मग लंगडा!" दुइशोन घाईने म्हणाला.

"लंगडा घोड्यावर कशाला बसेल?"

"म्हणून तर पडला!"

दुइशोनने दाराकडे बघितलं. दाराशी दोन धिप्पाड मामा बसले होते. मग बाल्झान आपाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

"लंगड्या बाइमुरातची धाकटी! कोल्खोजच्या, त्या सरकारी सामुदायिक शेतीच्या दिवसांत सीमेपलीकडचा पोरगा तिला पळवून घेऊन गेला. बाप मरेपर्यंत रस्त्याकडे बघत बसायचा. आम्हाला वाटलं, पोर मेली. जिवंत आहे! नाक बघा याचं, तिचंच नाक!"

सगळ्या बायका रडायला लागल्या. ओराजबेकने चष्मा पुसला. दुइशोन मान खाली घालून बसला आणि त्याला आपल्या खऱ्या आजोबांची आठवण आली. ज्यांनी त्याला पहिल्यांदा खोगिरावर बसवलं, ज्यांचे दोन्ही पाय शेवटपर्यंत धडधाकट होते! त्याला लाज वाटली. आणि लाज वाटली की दुइशोनला राग येतो. कुणाचा येतोय तेच कळेना, म्हणून त्याने तो कुबातवर काढला. त्या नालायकाने कढईचा फोटो काढला नसता तर ही वेळच आली नसती!

गुरुवारी निघायचं होतं. ओराजबेक म्हणाला, "निघतोस? धाकट्या मामाच्या घरी न जेवता? तो उद्या मला तोंड दाखवू देईल का?" गुरुवारी धाकट्या मामाकडे दुसरी मेंढी. तिथे कळलं की याच वर्षी एक मामी वारली होती, म्हणून दुइशोनला तिच्या घरी जाऊन रडून यावं लागलं. कधी न बघितलेल्या मामीसाठी तो इतका खरा रडला की लोकांनी त्याचं कौतुक केलं. रडत होता तो शनिवारच्या आठवणीने!

संध्याकाळी बेगिमाईचा फोन आला.

"अहो, आज येणार होतात ना? कुठे आहात?"

दुइशोनच्या दोन्ही बाजूंना दोन मामा होते. तो म्हणाला, "आजोळी आहे."

"काय? तुमचं आजोळ तर दोन घरं सोडून आहे! मी आत्ता त्यांच्या अंगणात उभी आहे, तुमच्या मामींनी दही दिलंय!"

"हो हो, सगळे मजेत आहेत! सगळ्यांनी तुला विचारलंय!"

"किमिझ चढलंय का तुम्हाला? किती प्यायलात?"

"नंतर बोलतो!" तो खेकसला आणि फोन ठेवला.

शुक्रवारी दुपारी एकदाची सगळी मंडळी ओराजबेकच्या घरी जमली. बाल्झान आपाने हात वर केला. "भाचा पहिल्यांदा आलाय. काय हवं ते माग, लेकरा."

दुइशोनने ओराजबेककडे बघितलं. तीन दिवस दाबून ठेवलेलं सगळं त्याच्या ओठांवर आलं होतं.

"मामांच्या दुकानातला कॅमेरा. वरच्या फळीवरचा."

ओराजबेकचा चेहरा पडला. अगदी सगळ्यांना दिसेल असा पडला! "तो? अरे, घोडं माग की. माझं खोगीर माग, चांदीच्या रिकिबींचं आहे. दुकानात दुसरेही कॅमेरे आहेत..."

चिकट मेला! दुइशोनचं रक्त उसळलं. दोन दोन मेंढ्या कापायला याचा जीव जात नाही आणि एका कॅमेऱ्यापायी तोंड एवढंसं होतं! "मला तोच हवाय, मामा."

"पण भाच्या..."

"ओराजबेक!" बाल्झान आपाचा आवाज कडाडला. "भाच्याने मागितलं ना? मग पण कसला?"

ओराजबेकने मान खाली घातली. दुकानात जाऊन तो कॅमेरा घेऊन आला, स्वच्छ फडक्यात बांधलेला, आणि दोन्ही हातांनी दुइशोनच्या हातात ठेवला. सगळ्यांनी आशीर्वादासाठी तळवे चेहऱ्यावरून फिरवले. आता काच उजेडात धरणार कशी? पांढऱ्या भिंतीचा फोटो काढणार कसा? आजोळच्या देणगीची देणाऱ्यासमोर तपासणी करणारा भाचा आमच्यात अजून निघालेला नाही. दुइशोनने फडक्याची गाठसुद्धा सोडली नाही.

निघताना बाल्झान आपाने त्याला खाली वाकवून त्याच्या खांद्यावर एक पांढरी लोकरीची शाल टाकली. "तुझ्या आईला दे. तिला सांग, बाप नाही राहिला, पण माहेरचं दार उघडं आहे. पुढच्या खेपेला तिला घेऊन ये. मी थांबते तोवर."

दुइशोन शालीसकट घाईने गाडीत जाऊन बसला. बोलायला गेला असता तर काय निघालं असतं, देव जाणे! सीमेपर्यंत तो गाडीवाल्याशी भांडत आला. गाडीवाल्याने फक्त खिडकी उघडली होती.

नाका ओलांडल्यावर त्याने गाठ सोडली आणि करकराच्या कुरणाचे चार फोटो काढले. काय सुरेख फोटो! काच लख्ख, एक डाग नाही! "मला फसवणारा अजून जन्माला यायचाय!" तो म्हणाला. गाडीवाल्याने मान हलवली.

घरी बेगिमाई दारातच उभी होती. "आजोळचं दही कसं होतं?" तिने विचारलं. तिला त्याने, "कॅमेरा आणलाय ना? फुकट आणलाय! मग तोंड बंद!" असं म्हणून गप्प केलं. आईला शाल दिली.

"ही कुणी दिली?" कानिमबुबूने विचारलं.

"दुकानदाराच्या आत्याने."

"मला का?"

"तिला वाटलं, इकडे थंडी असते."

आईने शाल हाताने चाचपून बघितली. हाताने विणलेली, महिनोन्महिने लागले असतील. "चांगली बाई दिसते," ती म्हणाली आणि अंगावर घेतली. दुइशोन जेवला नाही.

शनिवारी तुर्दुबेकच्या मांडवात दुइशोन असा वावरत होता की नवरा कोण असा प्रश्न पाहुण्यांना पडावा! कुबात कोपऱ्यात बसला होता, तुर्दुबेकने त्याला नुसतं जेवायला बोलावलं होतं. दुइशोन मुद्दाम दोनदा त्याच्यासमोरून गेला. नवरी उतरली, खटक! सोयरे भेटले, खटक! वडीलधाऱ्यांचे आशीर्वाद, खटक खटक! आणि मग सगळे ज्याची वाट बघत होते तो क्षण आला. सासू नव्या सुनेच्या डोक्याला पांढरा रुमाल बांधायला पुढे झाली. दुइशोनने कॅमेरा डोळ्याला लावला, बोट दाबलं.

काही नाही!

पुन्हा दाबलं. कॅमेरा गार पडलेला नव्हता, उलट भाकरीसारखा तापला होता, पण आतून आवाज म्हणून नाही!

"थांबा!" दुइशोन ओरडला. "रुमाल सोडा! परत बांधा!"

सासूने सोडला. परत बांधला. काही नाही.

"अजून एकदा! जरा सावकाश!"

"मी सून घरात घेतेय की गवताची पेंढी बांधतेय?" सासू कडाडली. पाहुणे हसले. सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं. दुइशोनने कॅमेऱ्यावर दोन चापट्या मारल्या, फुंकर मारली, शिवी दिली. पिठाच्या पोत्यासारख्या अवजड तुर्दुबेकने जागेवरून न उठता कोपऱ्याकडे फक्त एक बोट हलवलं, आणि कुबात उठला. हरामखोराने बरोबर दोन्ही कॅमेरे आणले होते!

दुइशोन मांडवाबाहेर चहाच्या समोवारांच्या रांगेमागे गेला आणि अल्माटीला फोन लावला.

"भाच्या! सुखरूप पोचलास?"

"कॅमेरा मेला, मामा! भर लग्नात मेला!"

"अर्ध्या तासाने ना?" ओराजबेकने काळजीने विचारलं. "तापला की झोपतो तो. थंड झाला की उठेल. परत अर्धा तास."

"तुम्हाला माहीत होतं?"

"म्हणजे काय! तीनदा उघडला मी, बरा होत नाही. म्हणून तर सगळ्यांत वर ठेवला होता, कुणाचा हात जाऊ नये म्हणून!"

"मग सांगितलं का नाही?"

"आपासमोर? तू मागितलास, आणि मी त्यात खोट काढू? सगळे म्हणाले असते, ओराजबेक भाच्याला नाही म्हणतोय! तरी मी घोडं माग म्हटलं, खोगीर माग म्हटलं. तू ऐकलंस का?"

"आणि मी नुसता गिऱ्हाईक म्हणून आलो असतो तर?"

"तर हात धरून थांबवलं असतं! खालच्या खणात त्याचाच जुळा भाऊ आहे, ठणठणीत. स्वस्तात दिला असता. गिऱ्हाइकाला मी आयुष्यात कधी फसवलेलं नाही, भाच्या."

दुइशोनने समोवाराला लाथ मारली. समोवार भरलेला होता. एका पायावर उड्या मारत तो ओरडला, "मग तो द्या! पैसे पाठवतो! लागतील तेवढे!"

"पैसे? भाच्याकडून?" ओराजबेकला खरोखर धक्का बसला. "माझ्या जिवात जीव आहे तोवर नाही! आपा मला घराबाहेर काढेल!"

"मग तसाच द्या!"

"देईन की! पण एका खेपेला एक मागणं. आता पुढच्या खेपेला माग. आणि आपाने बजावलंय, भाचा एकटा आला तर दार उघडायचं नाही. आईला घेऊन ये. ती कालपासून विचारतेय रे, माझी पोर कधी येणार म्हणून. कधी येताय ते कळव, मेंढी बघून ठेवतो."

फोन बंद झाला. मांडवात कुबातचे दोन्ही कॅमेरे आळीपाळीने खटखटत होते. जाताना तुर्दुबेक दुइशोनपाशी थांबला आणि म्हणाला, "सासरकडची मेजवानी पुढच्या शनिवारी आहे. माझ्या मुलीला तुझेच फोटो आवडतात, म्हणून विचारतोय. धड कॅमेरा असेल तर ये. शेवटचं सांगतोय."

दुइशोन घरी आला तेव्हा दिवस मावळत होता. आई चुलीपाशी बसली होती, खांद्यावर ती पांढरी शाल. तो तिच्यासमोर बसला आणि सगळं सांगायला लागला. सुरुवात त्याने मोठ्या आवाजात केली. वरमाईला शिव्या दिल्या, कुबातला दिल्या, काचेच्या दुकानातल्या पोरीला दिल्या, ओराजबेकला दिल्या. म्हातारी लाकडं सारत ऐकत राहिली. बाल्झान आपापाशी आल्यावर त्याचा आवाज उतरला. लंगड्या बाइमुरातपाशी तर ऐकूच येईना, तिला "मोठ्याने बोल" म्हणावं लागलं. स्वयंपाकघराच्या दारात बेगिमाई हातातलं पातेलं तसंच धरून उभी होती.

"तर... असं आहे सगळं," दुइशोन म्हणाला. "दोनच दिवसांचं काम आहे, आई. गाडी करू चांगली. तू काही बोलायचं नाहीस, नुसतं बसायचं. मेंढी कापणार आहेत. कॅमेरा मिळाला की लगेच निघू. तुला अल्माटी बघायचीच होती ना कधीपासून? येशील का?"

कानिमबुबूने खांद्यावरची शाल काढली. सावकाश, कड कडेला जुळवत तिची घडी घातली आणि ती मुलाच्या मांडीवर ठेवली.

"येईन की," ती म्हणाली. "फक्त कुणाची लेक म्हणून येऊ, तेवढं सांग."